एका तबकडीच्या अनेक आठवणी

एखाद्या माणसाला त्याच्या तरुणपणीच्या आवडत्या तबकडीविषयी विचारून पाहावे. तो स्वरांविषयी फारसे बोलत नाही, शब्दांविषयीही बेताचेच बोलतो. ती तबकडी कोणी विकत आणली, ग्रामोफोन कोणाच्या घरी होता, खोलीत कोण कोण दाटीवाटीने बसले होते, वडील घरी परतण्यापूर्वी ती किती वेळा वाजवून झाली आणि दुसऱ्या गाण्यात सुई नेमकी कोठे अडखळत असे, हे मात्र तो तपशीलवार सांगतो. आपण विचारतो संगीताविषयी आणि उत्तर येते घराविषयी. ऐकणाऱ्याला हे विषयांतर वाटते. वस्तुतः तो माणूस मूळ विषयालाच हात घालीत असतो. आजच्या भाषणात एका प्रसिद्ध तबकडीच्या आधारे हेच मांडण्याचा माझा विचार आहे.

ही तबकडी इंग्लंडातील आहे. लिव्हरपूल या बंदराच्या शहरातून पुढे आलेल्या जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चार तरुणांचा 'बीटल्स' नावाचा वाद्यमेळ होता. त्यांनी १९६७ साली जी दीर्घ तबकडी काढली, तिचे नाव 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड'. एकाकी मनांच्या मंडळाचा, सार्जंट पेपर नावाच्या कोणा गृहस्थाने चालविलेला बँड, असा त्याचा अर्थ. असा बँड कोठेही अस्तित्वात नव्हता. आपण बीटल्स नसून हा काल्पनिक बँड आहोत असे मानून गावे, ही मॅकार्टनीची कल्पना. तबकडीवर तेरा गाणी आहेत आणि ती दोन्ही बाजूंनी वाजविण्यास सुमारे चाळीस मिनिटे लागतात. ब्रिटनमध्ये विक्रीच्या यादीत ती सलग २३ आठवडे पहिली राहिली. रॉक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीतातील अभिजात कृतींची गणना कोणीही करो, तिचे नाव सहसा वगळले जात नाही.

या तबकडीचा जन्म ध्यानात घेतल्याशिवाय तिच्या आठवणींचा उलगडा होणार नाही. १९६६ च्या ऑगस्टपर्यंत बीटल्स देशोदेशी जाऊन जाहीर कार्यक्रम करीत होते. परंतु श्रोत्यांच्या किंकाळ्या एवढ्या असत की गाणाऱ्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नसे. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी दौऱ्यातील अखेरचा कार्यक्रम केला आणि त्यानंतर ते लंडनच्या अ‍ॅबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहात शिरले. १९६३ साली त्यांच्या पहिल्या दीर्घ तबकडीतील दहा गाणी एका दिवसात मुद्रित झाली होती. या खेपेस नोव्हेंबर १९६६ पासून एप्रिल १९६७ पर्यंत काम चालले. त्यांच्यापाशी होते ते यंत्र चारच पट्ट्यांचे. म्हणजे चार स्वतंत्र आवाज शेजारी शेजारी नोंदविता येत. चारही पट्ट्या भरल्या की निर्माते जॉर्ज मार्टिन आणि त्यांचे तंत्रज्ञ त्या सर्वांचे मिश्रण दुसऱ्या फितीच्या एका पट्टीवर उतरवीत आणि उरलेल्या पट्ट्या नव्या आवाजांसाठी मोकळ्या करून घेत. असे थरावर थर चढत गेले. 'अ डे इन द लाइफ' या अखेरच्या गाण्यासाठी चाळीस वादकांचा ताफा बोलाविला गेला आणि प्रत्येकाने आपल्या वाद्यातील सर्वांत खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत चोवीस मात्राखंडांत आपापल्या गतीने चढत जावे, अशी विलक्षण सूचना त्यांना देण्यात आली.

असे संगीत त्या काळी रंगमंचावर उभे करणे शक्य नव्हते. बीटल्सनीही तसा प्रयत्न केला नाही. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. गायनाची मैफल म्हटली की तिला एक स्थळ, एक रात्र आणि एक श्रोतृवर्ग असतो. तेथे हजर असलेल्यांची आठवण थोडीबहुत सारखी असते. या तबकडीची मैफल मात्र श्रोत्याच्या खोलीतच व्हावयाची होती. जितकी घरे तितक्या मैफली झाल्या. म्हणून तिच्याविषयी लोक आठवण सांगतात तेव्हा घरच सांगतात.

पहिल्या काही मैफलींपैकी एक तर खिडकीतून झाली. बीटल्सचे निकटचे सहकारी नील अ‍ॅस्पिनॉल यांनी ती हकीकत सांगितली आहे. काम संपल्यावर ही मंडळी तबकडीची कच्ची प्रत घेऊन चेल्सी भागात गायिका कॅस एलियट हिच्या बिऱ्हाडी गेली. पहाटेची वेळ होती. त्यांनी ध्वनिक्षेपक खिडकीत ठेवले आणि पूर्ण आवाजात तबकडी लावली. आसपासच्या घरांच्या खिडक्या उघडल्या. तक्रार कोणी केली नाही. लोक बाहेर डोकावून हसले आणि ऐकत राहिले. ते काय ऐकत आहेत हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. तरीही हा आवाज कोणाचा असावा हे ओळखण्यास त्यांना अडचण पडली नसावी.

यानंतर नभोवाणी आली. त्या दिवसांत इंग्लंडच्या किनाऱ्याबाहेर समुद्रात नांगरलेल्या जहाजांवरून काही परवाना नसलेली केंद्रे चालत. त्यांपैकी रेडिओ लंडन या केंद्राने १२ मे १९६७ रोजीच ही तबकडी ऐकविली. उलट बी.बी.सी.ने 'अ डे इन द लाइफ' या गाण्यात मादक द्रव्यांचा संकेत आहे असे मानून ते प्रक्षेपित करण्याचे नाकारले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कायदा अमलात आला आणि जहाजांवरील ती केंद्रे बहुतेक बंद पडली. त्यामुळे त्या पिढीतील पुष्कळ इंग्रजांच्या मनात ही तबकडी, समुद्रावरून येणारा खरखरता आवाज आणि उशाखाली लपविलेला ट्रान्झिस्टर ही तिन्ही एकत्रच राहिली आहेत.

अमेरिकेतील लँग्डन विनर या लेखकाची आठवण तर आता या तबकडीच्या इतिहासाचाच भाग होऊन बसली आहे. ती बाजारात आली त्या आठवड्यात ते मोटारीने अमेरिका ओलांडीत होते. पेट्रोलसाठी किंवा जेवणासाठी ज्या ज्या गावी थांबावे, तेथे कोठून तरी, कोणाच्या रेडिओवरून किंवा ग्रामोफोनवरून, याच चाली कानी येत. शेकडो मैलांचे अंतर आणि एकच संगीत. सगळा देश क्षणभर एकत्र बसून ऐकत आहे असा भास त्यांना झाला आणि पुढे त्यांनी तो लिहून ठेवला. आवाज दूरच्या कोणाच्या तरी खिडकीतून येत होता, हे येथेही लक्षात घेण्यासारखे आहे.

आता तबकडी हातात घेऊ. तिचे वेष्टन पुस्तकासारखे उघडत असे. पीटर ब्लेक आणि जॅन हॅवर्थ या चित्रकार दांपत्याने मुखपृष्ठ रचले. भडक रंगांचे लष्करी गणवेश घातलेले चौघे आणि त्यांच्यामागे जगातील नामांकितांचा पुठ्ठ्यावर उभा केलेला जमाव. मागील बाजूस सर्व गाण्यांचे शब्द छापलेले होते. अशा संगीताच्या तबकडीवर हे तोवर सहसा होत नसे. आत एक जाड कागद होता आणि त्यावर कापून घेण्यासाठी खोट्या मिशा, बिल्ले आणि सार्जंटच्या फिती छापल्या होत्या. त्या काळी बारा-पंधरा वर्षांच्या असलेल्या मुलांच्या आठवणीत हा कागद हमखास येतो. कोणी त्याच दुपारी मिशा कापून ओठांवर लावल्या. कोणाला कात्री चालविण्याचा धीर झाला नाही. पुढे न कापलेला कागद असलेल्या तबकडीला संग्राहकांकडे अधिक मोल आले. मिशा कापणाऱ्यांचे व्यवहारात नुकसान झाले खरे, पण सांगण्याजोगी दुपार त्यांच्याच वाट्याला आली.

आतापर्यंत आपण तबकडी एकच आहे असे धरून चाललो. तेही पुरते खरे नाही. १९६७ साली ब्रिटनमधील बहुतेक घरांत मोनो यंत्रे होती. त्यांत सगळा आवाज एकाच वाटेने येई. बीटल्सनी स्वतः हजर राहून जे मिश्रण मनासारखे करून घेतले तेही मोनोचेच. डाव्या-उजव्या बाजूंनी येणारा स्टिरिओ आवाज नंतर थोड्या वेळात, त्यांच्या गैरहजेरीत तयार झाला. दोहोंत फरक राहिले. घर सोडून जाणाऱ्या मुलीचे 'शीज लीव्हिंग होम' हे गाणे मोनोमध्ये किंचित जलद आणि वरच्या पट्टीत आहे, स्टिरिओमध्ये ते संथ आणि खालच्या पट्टीत आहे. त्यामुळे ते गाणे चटपटीत होते असे एक म्हातारा सांगतो आणि फार उदास, रेंगाळणारे होते असे दुसरा सांगतो, तेव्हा दोघांपैकी कोणाचीही स्मृती दगा देत नसते. दोघांनी खरोखरच निराळे गाणे ऐकलेले असते.

आणखी एक गंमत आहे. ब्रिटनमधील तबकडीच्या अगदी शेवटी, जेथे सुई गोल गोल फिरत राहते त्या खाचेत, काही क्षणांची अर्थहीन बडबड कोरलेली होती. ज्याच्या यंत्राची भुजा आपोआप उचलली जाई, त्याला ती एखाद्या वेळी ऐकू येई आणि थांबे. ज्याचे यंत्र हाताने चालवावे लागे, त्याच्या खोलीत कोणी उठून सुई उचलीपर्यंत ती बडबड चालूच राही. अमेरिकेत निघालेल्या तबकडीत ही खाच मुळी नव्हतीच. तेव्हा समुद्राच्या एका तीराला एक आठवण आहे आणि दुसऱ्या तीराला ती नाही. तसेच एका घरात ती पुसट आहे आणि शेजारच्या घरात डोकेदुखी होईपर्यंत ठसलेली आहे. हा भेद रसिकतेमुळे पडलेला नाही. तो यंत्रामुळे पडला आहे.

स्मृती चुकते तेव्हाही ती काही शिकवून जाते. ४ जून १९६७ रोजी लंडनच्या सॅव्हिल थिएटरात जिमी हेंड्रिक्स या गिटारवादकाने आपल्या कार्यक्रमाची सुरुवात याच तबकडीच्या शीर्षकगीताने केली. प्रेक्षकांत मॅकार्टनी आणि हॅरिसन बसले होते. तबकडी निघाल्यावर तीनच दिवसांत हेंड्रिक्सने ते गाणे बसविले, असे ही हकीकत सांगताना म्हटले जाते. प्रकाशनाची अधिकृत तारीख १ जून ही धरली तर हिशेब बरोबर आहे. परंतु ब्रिटनमधील दुकानांत ती २६ मे पासूनच मिळू लागली होती. मग दिवस तीन नव्हेत, नऊ होतात. आठवणीने मधले दिवस गाळून टाकले, कारण नऊ दिवसांपेक्षा तीन दिवसांत आश्चर्य अधिक आहे. तारखांसाठी अशा आठवणींवर विसंबू नये. त्या वेळच्या माणसांना कशाचे आश्चर्य वाटले हे जाणून घ्यावयाचे असेल, तर मात्र त्यांच्याइतका चांगला साक्षीदार नाही.

आता आपल्या देशाशी या तबकडीचा जो संबंध येतो त्याकडे वळू. हॅरिसन १९६६ च्या सप्टेंबरात पंडित रविशंकर यांच्यापाशी सतार शिकण्यासाठी मुंबईस आला होता. ताजमहाल हॉटेलात तो खोट्या नावाने उतरला, पण वार्ता फुटली आणि तरुण चाहत्यांची गर्दी जमू लागली. अखेर गुरुशिष्यांना निवांतपणासाठी काश्मीरची वाट धरावी लागली. परत गेल्यावर हॅरिसनने या तबकडीसाठी 'विदिन यू विदाउट यू' हे गाणे केले. त्याने पुढे सांगितले आहे की, या गाण्याचा आधार पंडितजींनी आकाशवाणीसाठी केलेली एक दीर्घ रचना होती. आकाशवाणीच्या श्रोत्यांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

मार्च १९६७ मध्ये ते गाणे मुद्रित झाले तेव्हा हॅरिसनच्या तिघा साथीदारांपैकी कोणीही त्यात वाजविले नाही. लंडनमधील एशियन म्युझिक सर्कल या संस्थेशी संबंधित भारतीय वादक आले. तबला, दिलरुबा, तंबोरा, स्वरमंडल ही वाद्ये अ‍ॅबी रोडवर लागली. गाण्याचा मुख्य भाग सोळा मात्रांत आहे, आणि मधल्या वाद्यसंगीतात तबला दहा मात्रांच्या ठेक्यावर जातो. दिलरुब्यातून निघणारी मींड पाश्चात्त्य व्हायोलिनवादकांना जशीच्या तशी वाजविता यावी म्हणून मार्टिन यांनी त्यांच्यासाठी स्वरलेखन केले, आणि एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची ती रीत शिकताना त्या अनुभवी वादकांचीही कसोटी लागली.

दुसऱ्या बाजूचे हे पहिलेच गाणे. ते लागले की आपण सुई उचलून पुढे ठेवीत असू, असे कबूल करणारे चाहते थोडे नाहीत. त्यांतील कित्येकांनी पुढे असेही सांगितले आहे की, वय वाढल्यावर तेच गाणे अधिक जवळचे वाटू लागले. हॅरिसनलाही ऐकणाऱ्यांच्या अस्वस्थतेची कल्पना असावी. गाणे संपताच त्याने हसण्याचा आवाज ठेवला आहे.

परंतु येथे स्मृतीची एक उणीव दिसते. तबकडीच्या वेष्टनावर पुठ्ठ्याच्या माणसांना जागा मिळाली, सतारीच्या देशातील लाहिरी महाशय, श्रीयुक्तेश्वर गिरी, परमहंस योगानंद यांच्या प्रतिमांनाही मिळाली, समोर लक्ष्मीची छोटी मूर्तीही आहे. पण ज्या भारतीयांनी प्रत्यक्ष वाद्ये वाजविली त्यांची नावे त्यावर छापली गेली नाहीत. महात्मा गांधींची प्रतिमा जमावात होती. भारतीयांना ते रुचणार नाही आणि येथील व्यापारास बाध येईल या भीतीने कंपनीच्या अध्यक्षांनी ती काढावयास लावली. भारतीयांच्या भावनांची काळजी घेतली गेली, भारतीय वादकांच्या नावांची घेतली गेली नाही. लक्षावधी घरांत त्यांचे हात वाजत राहिले आणि ते कोणाचे हे कोणाला सांगता येईना. पन्नास वर्षांनी, २०१७ च्या सुमारास, शोध घेतला गेला तेव्हा तबलावादक नटवर सोनी, दिलरुबावादक अमृत गज्जर व अण्णा जोशी, तंबोऱ्यावरील बुद्धदेव कंसारा ही नावे लोकांपुढे आली. आठवणी वेळीच विचारल्या नाहीत तर काय हरपते, याचे हे उदाहरण पुरेसे आहे. श्रोत्यांची खोली शेकडो वेळा वर्णिली गेली. वादकांची खोली कशी होती हे विचारण्यास अर्धे शतक लागले.

माणसाला तरुणपणीचेच संगीत एवढे का आठवते, याचा विचार मानसशास्त्रज्ञांनी केला आहे. आयुष्यातील आठवणी वयानुसार मांडल्या तर सुमारे दहा ते तीस या वर्षांच्या दरम्यान त्यांची दाटी आढळते. २००८ साली ब्रिटनमधील लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी बीटल्सशी निगडित वैयक्तिक आठवणी लोकांकडून मागविल्या. निरनिराळ्या देशांतील तीन हजारांहून अधिक लोकांनी त्या पाठविल्या. त्यांतील अनेक आठवणी कुमारवयातील निघाल्या. या वयात माणूस प्रथमच आपली मैत्री, आपली आवड, आपले बंड स्वतः निवडीत असतो, आणि त्या निवडीच्या वेळी जे वाजत असते ते तिच्यासह मनात रुजते. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याहून निराळी गोष्ट दिसली. विशीतल्या तरुणांना त्यांच्या आईवडिलांच्या तरुणपणीची गाणीही विशेष ओळखीची व प्रिय वाटत होती. म्हणजे घरात वाजलेली तबकडी फक्त विकत आणणाऱ्याची राहत नाही. जो जमिनीवर बसून खेळत होता, त्याच्याही वाट्याला ती येते.

आज ही तेरा गाणी कोणालाही क्षणात ऐकता येतात. कानाला लावलेल्या यंत्रात खरखर नाही, उठून बाजू बदलावी लागत नाही आणि शेजाऱ्याची खिडकीही उघडत नाही. ऐकणे सोपे झाले, त्याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. मात्र ज्या अडचणींना धरून आठवणी टिकल्या, त्या अडचणी आता राहिल्या नाहीत. १९६७ साली जे पंधरा वर्षांचे होते त्यांनी आता सत्तरी ओलांडली आहे. तबकडी संग्रहालयात राहील, फिती तिजोरीत राहतील. ती कशी ऐकली गेली, हे फक्त या माणसांपाशी आहे.

त्या तबकडीच्या अखेरीस, पियानोंचा तो दीर्घ स्वरमेळ विरल्यानंतर आणि बडबडीची खाच लागण्यापूर्वी, आणखी एक ध्वनी कोरलेला आहे. त्याची कंपने सेकंदाला सुमारे पंधरा हजार. विनोद म्हणून, घरातील कुत्र्याने कान टवकारावेत यासाठी तो घातला. चांगल्या यंत्रावर तो पंधरा वर्षांच्या मुलालाही ऐकू येतो. वय वाढते तसे माणसाच्या कानाचे वरचे स्वर प्रथम जातात, आणि सत्तरीच्या माणसाला तो ध्वनी बहुधा मुळीच ऐकू येत नाही. तबकडी तीच, सुई त्याच जागी येते, कुत्रा मान वर करतो आणि म्हाताऱ्या चाहत्याला शांतता ऐकू येते. तेथे काहीतरी होते, हे त्याला ठाऊक असते. कोणत्या खोलीत, कोणाच्या शेजारी बसून आपण ते ऐकले, हेही तो सांगू शकतो. त्याचे सांगणे विषयांतर समजू नये. कानातून गेलेला तो स्वर आता त्या खोलीच्या आठवणीतच उरलेला असतो.